शेऱ्याचा रकाना

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पाणी आलं. पूर वगैरे नव्हे. पणजीत पहिला जोरदार पाऊस झाला की १८ जून रस्त्यामागच्या जुन्या इमारतींचं जे होतं तेच. भिंतीतून ओल वर चढते, चुन्याचे पापुद्रे सुटतात आणि स्टीलच्या कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा होतो. दत्ता म्हणाला, "मॅडम, खालच्यो फायली काडून दवरतां हांव." मी म्हटलं, राहू दे, मीच बघते, त्यात सगळं माझंच अक्षर असणार. कपाट उघडलं तसा तो वास आला. ओला पुठ्ठा, गंज, आणि झुरळांसाठी कधी काळी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या. दोरीने बांधलेला एक गठ्ठा उचलला तर दोरी हातात राहिली आणि कागद खाली. २००९ सालच्या मुलाखतींचे कागद होते. खरं तर ते केव्हाच फाडून टाकायला हवे होते. पण आमच्याकडे फाडून टाकायच्या गोष्टी जपून ठेवायची आणि जपायच्या हरवायची पद्धत आहे.

जमिनीवर बसूनच ते वाचायला लागले. पंख्याखाली एकेक कागद पसरत होते, आणि पसरता पसरता डोळा जात होता. आमचा तेव्हाचा फॉर्म अगदी साधा. वर नाव, शिक्षण, अनुभव, मग एकूण गुण शंभरपैकी, आणि खाली अर्धं पान मोकळं. त्यावर छापलेलं: शेरा. जागा होती जेटीवरच्या, खाणीचं खनिज वाहून नेणाऱ्या बार्जांच्या कामाचा हिशेब सांभाळणाऱ्या सहायकाची. काणकोणहून आलेल्या एका मुलाच्या कागदावर लिहिलं होतं, "बोलणं ठाम. पुढे जबाबदारी देता येईल." त्याच्या खालचाच कागद केरी-सत्तरीच्या एका मुलीचा. "गणित उत्तम. बोलणं ठाम, पण जरा जास्तच. टीममध्ये जमेल का?" निळी शाई ओलीने पसरून ‘पण’ हा शब्द चांगला जाडजूड झाला होता. मग मी मुद्दाम सगळे कागद लावून बसले. त्या दिवशी सात मुली आणि नऊ मुलगे आले होते. सातांपैकी पाच मुलींच्या शेऱ्यात ‘पण’ होता. "हुशार, पण लग्न ठरलंय का विचारावं." "अनुभव चांगला, पण मूल लहान." मुलांच्या नऊ कागदांत ‘पण’ एकदाच होता, आणि तोही "इंग्रजी कच्चं आहे, पण शिकेल" असा.

अक्षर माझं होतं. साहेबांचं नव्हे, माझं.

त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही, हेच जास्त लागलं. आठवतं ते इतकंच की भरभराटीचे दिवस होते, चीनला खनिज जात होतं, डिचोलीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग संपत नव्हती आणि आमच्या टेबलावर बार्जांचे कागद. मुलाखतीला आम्ही तिघं. मधे पात्रांव, म्हणजे आमचा मालक, डावीकडे जेटीवरचे कॅप्टन, उजवीकडे मी. पात्रांव वाईट माणूस नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात न मागता पगार आगाऊ दिला होता त्याने. केरीची मुलगी बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "तें चेडूं हुशार आसा, पूण सांजेचें कशें वतलें?" कोकणीत लग्नाआधीची मुलगी ‘ती’ नसते, ‘तें’ असते. ह्यात तुच्छता नाही, उलट लाडच आहे, मलाही माझ्या आजीने ‘तें’च म्हटलं जन्मभर. तरी जेटीवरच्या नोकरीसाठी ‘तें’ तोलायला बसलं की ते आपोआप जरा लहान दिसतं. आणि तो संध्याकाळचा प्रश्न तिला मीच विचारला होता, बायकांना बायकांची अडचण कळते अशा मोठेपणाने: "वाळपईहून पुढे शेवटची बस किती वाजता?" तिने वेळ सांगितली. काणकोणच्या मुलाला बस कोणी विचारली नाही. काणकोण केरीपेक्षा लांब आहे.

आता जो माणूस असं लिहितो तो कुठल्या वातावरणात वाढला असेल असं वाटेल. माझं सांगते. मी १९६९ ची, मये गावची. पहिलीत गेले तेव्हा बाईंनी विचारलं, देशाच्या पंतप्रधान कोण? इंदिरा गांधी. गोव्याच्या मुख्यमंत्री कोण? शशिकला काकोडकर. आमच्याकडे त्यांना सगळे ताईच म्हणत. १९७३ साली तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले आणि ताई आल्या, त्या १९७९ पर्यंत होत्या. म्हणजे माझ्या समजत्या वयात दिल्लीतही बाई आणि पणजीतही बाई. वर्गात बाई, घरात पैशाचा डबा आजीच्या उशाला. १९७७ साली मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा मी आप्पांना विचारलं म्हणे, "आता बाप्येसुद्धा होतात का?" ही गोष्ट आप्पा माझ्या लग्नापर्यंत सगळ्यांना सांगत होते. लोक हसायचे. मला मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते बरीच वर्षं कळलं नाही.

पुढे केव्हातरी पश्चिम बंगालमधल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं आणि आप्पांची गोष्ट आठवली. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. बंगालमध्ये कुठल्या गावात प्रधानपद, म्हणजे आपलं सरपंचपद, राखीव होणार हे जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना आयतीच तुलना मिळाली. त्यांनी गावकऱ्यांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे बाई कधी प्रधान झालीच नव्हती तिथल्या पुरुषांना बाईच्या आवाजातलं तेच भाषण कमी पटलं. जिथे होऊन गेली होती तिथे हा फरक उरला नाही. २०१२ साली त्याच मंडळींनी ४९५ गावांतलं चित्र मांडलं. दोन वेळा बाई प्रधान झालेल्या गावांत शाळा शिकण्यातलं मुलामुलींचं अंतर पुसलं गेलं होतं आणि मुली घरकामात कमी वेळ घालवत होत्या. कोणी व्याख्यान दिलं नव्हतं, कोणाचं प्रबोधन केलं नव्हतं. खुर्चीचा नियम बदलला होता, बस्स. आता खरी गंमत अशी की मी तर त्या प्रयोगातलीच मुलगी. ताईंच्या राज्यात पाटी-पेन्सिल धरलेली. तरी चाळिशीला टेकल्यावर माझ्याच हाताने लिहिलं, लग्न ठरलंय का विचारावं. मधल्या तीस वर्षांत काहीतरी शिकले असणार मी. कुठे शिकले, ते शोधत बसलं तर त्याचं उत्तर माणसांत सापडत नाही. मला ते एका किल्लीत सापडतं.

माझी पहिली नोकरी १९९१ ची, पणजीतच, दुसऱ्या मजल्यावर. त्या मजल्यावर एकच संडास होता आणि तो पुरुषांचा, म्हणजे तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण दार अर्धवट लागायचं आणि बाहेर नेहमी कोणी ना कोणी विडी ओढत असायचं. बायका आम्ही दोघी. आमच्यासाठी खालच्या मजल्यावरच्या गोदामातली एक खोली होती, तिला कुलूप, आणि किल्ली साहेबांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. लाल लोकरीच्या दोऱ्यात अडकवलेली. किल्ली घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, ते फोनवर असले तर थांबायचं, आत कोणी बसलं असेल तर त्यांच्यादेखत हात वर करून किल्ली काढायची. आठवड्याभरात आम्ही दोघींनी पाणी पिणं सोडलं. दुपारी तीनच्या सुमारास डोकं ठणकायचं, हिशेबात चुका व्हायच्या. साहेब म्हणायचे, "जेवल्यानंतर बायकांचं लक्ष लागत नाही." त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगितली होती. लक्ष खरंच लागत नव्हतं. फक्त ते का लागत नाही त्याचं कारण त्यांच्याच डोक्यामागे खिळ्याला लटकत होतं. आणि मला सर्वांत विचित्र वाटतं ते हे की वर्षभराने मीसुद्धा मनात तेच म्हणायला लागले होते. आपलं लक्ष लागत नाही दुपारी.

आता एसीचं घ्या. आमच्या ऑफिसात एप्रिल महिन्यातही तीन बायका शाल घेऊन बसतात आणि त्यावर वर्षानुवर्षं तेच विनोद होतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ऑफिसांतलं तापमान ठरवायचं गणित १९६० च्या दशकातलं आहे आणि त्यात शरीराची उष्णता धरलीय ती चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषाची. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाचा चेहरा दिसला. घारे डोळे, घट्ट टाय, एसीखाली आरामात बसलेला. तो कधी आमच्या ऑफिसात आला नाही, पण सगळ्या खुर्च्या त्याच्याच मापाच्या.

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आधी सरकारचा हुकूम, महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाचा. मांडवीत बार्ज ओळीने नांगरून पडल्या, फेरीतून जाताना त्यांच्यावर चढत जाणारा गंज रोज थोडा थोडा जास्त दिसायचा. आमच्याकडे चौदा माणसं कमी करायची ठरली आणि यादी करायचं काम माझ्याकडे आलं. निकष कुठलाच लिहिलेला नव्हता. कायदा म्हणतो शेवटी आला तो आधी जाईल, पण ‘स्वखुशीने’ राजीनामे घेतले की तो कायदा दाराबाहेरच थांबतो. म्हणून आम्ही माणुसकीने ठरवलं. अगदी हाच शब्द होता, माणुसकी. ज्याच्यावर घर चालतं त्याला ठेवायचं. ऐकायला किती बरं वाटतं. पण घर कोणावर चालतं हे आम्ही कोणाला विचारलं नाही, आम्हाला ते ठाऊकच होतं. ऑफिसात बायका अकरा होत्या. चौदांच्या यादीत त्यांतल्या नऊ आल्या. त्यांतल्या एकीचा नवरा स्वतः ट्रकवर होता, म्हणजे त्याचं काम तिच्या आधीच गेलं होतं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहून सही करत होती. पेन चाललं नाही म्हणून मी माझं दिलं. "बाई, हें पेन बरें आसा," ती म्हणाली आणि सही केली.

ते पेन मी अजून वापरते. मुद्दाम नाही, चांगलं आहे म्हणून.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं, मिरामारच्या एका हॉटेलात. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली आला होता, दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक झालं होतं, म्हणून हे सगळं. मोठा पडदा, चित्रं, गटचर्चा, मधे कटलेट आणि चहा. दिवसभर आम्हाला सांगत होते की मनातले पूर्वग्रह ओळखा, त्यांच्यावर मात करा. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. कॅप्टनही आले होते. परतताना गाडीत म्हणाले, "मॅडम, म्हाका कळ्ळें. पूण हांव तसो न्हय." मीही मनात तेच म्हणत होते, मी तशी नाही. गाडीतल्या चौघांपैकी कोणीच तसं नव्हतं. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांची बऱ्याच वर्षांची माहिती तपासून दाखवलंय की सक्तीच्या अशा शिबिरांनी फारसं काही हलत नाही, कधी कधी उलटंच होतं. मला त्याचं नवल वाटत नाही. एक दिवस कटलेट खाऊन माणसाचा हात बदलत नाही.

आमच्याकडे जे काही बदललं ते एका मुलीच्या भाबड्या प्रश्नाने. २०१५ साली माझ्या हाताखाली एक नवी मुलगी आली, फोंड्याकडची, पहिलीच नोकरी. मी तिला फॉर्म समजावत होते. तिने विचारलं, "मॅडम, हा शेऱ्याचा रकाना आहे, ह्याला किती गुण?" मी म्हटलं, गुण नसतात, ते नुसतं आपलं मत. "मग एकूण गुण कसे येतात?" आणि मी थांबले. कारण खरं उत्तर असं होतं की आधी शेरा ठरतो आणि मग त्याला शोभतील असे गुण आम्ही वर लिहितो. पंचवीस वर्षं मुलाखती घेणाऱ्या कोणालाही विचारा. उमेदवार दारातून आत येऊन खुर्ची मागे ओढेपर्यंत बरंचसं झालेलं असतं. पुढची वीस मिनिटं आपण त्याला कारणं गोळा करत असतो.

मग मी वाचायला लागले, रात्री जेवणं झाल्यावर, मोबाइलवर. आयरिस बोनेट म्हणून हार्वर्डमधल्या एक अर्थशास्त्रज्ञ आहेत, मूळच्या स्वित्झर्लंडच्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की डोकी सुधारण्यापेक्षा कामाची रीत सुधारणं सोपं. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे. मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले आकडे द्यायचे. आणि माणसं एकेकटी न तोलता शेजारी शेजारी ठेवून बघायची. त्यांच्या प्रयोगात एकेकट्या उमेदवाराकडे बघताना लोक ‘हे बायकांचं काम, हे पुरुषांचं’ असं ठरवून निवडत होते. दोघं समोरासमोर ठेवल्यावर प्रत्यक्ष कामाकडे बघायला लागले. हे मला पटायला हार्वर्डची गरज नव्हती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगड्याचा एकच वाटा समोर असला तर नुस्तेकारीण, म्हणजे मासळीवाली, सांगेल ते खरं. दोन वाटे शेजारी मांडले की आपण कल्ले बघतो.

प्रश्न तयार करताना मला आपल्या भाषेचीच एक गोष्ट सापडली, ती मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. एक छोटी लेखी परीक्षा ठेवायची आणि नावं झाकून तपासायची असं ठरलं. पहिल्या वेळी मी प्रश्न टाकला, "जेटीवर वजनात तफावत आली तर तुम्ही काय करता?" नावं झाकली, कागद वाचायला घेतले, आणि पहिल्याच ओळीत "मी आधी कॅप्टनना फोन करते." झाकून काय उपयोग? मराठी क्रियापद कोण आहे ते सांगूनच टाकतं. दोन दिवस डोकं खाल्लं. मग लक्षात आलं की ‘काय कराल’ विचारलं तर उत्तर ‘करीन’ येतं. ‘करीन’, ‘विचारीन’, ‘तपासून बघेन’. ह्यात बाई आणि बुवा दिसत नाहीत. तसंच ‘केलं’, ‘पाहिलं’, ‘लिहिलं’ यांचंही. एका वेलांटीएवढ्या फरकासाठी माझी आणि त्या फोंड्याच्या मुलीची अख्खी संध्याकाळ गेली, आणि इतकी मजा मला नोकरीत क्वचित आली असेल. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी १९७० च्या सुमारास वादकांना पडद्यामागे बसवून निवडायला सुरुवात केली, तेव्हा काही ठिकाणी जमिनीवर गालिचा घातला होता म्हणतात. बायकांच्या टाचांचा आवाज येऊ नये म्हणून. आपल्याकडे बांगड्या काढून ठेवायला सांगावं लागलं असतं. आणि क्रियापदं.

पहिल्यांदा असे झाकलेले कागद तपासले तेव्हा कॅप्टननी सर्वांत जास्त गुण दिलेला कागद उघडला तर तो म्हार्दोळच्या एका मुलीचा निघाला. ते जरा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर बाप्याचें आसा." पण गुण खोडले नाहीत. खोडता येत नव्हते, शाईने लिहून सही झाली होती. ती मुलगी आज जेटीवरचं सगळं बघते. जाण्यायेण्याला गाडी लागते तिला, ती आम्ही ठेवली. कॅप्टनना पूर्वीपासूनच होती गाडी, त्याला आम्ही सोय म्हणत नव्हतो एवढंच.

शेऱ्याचा रकाना मी काढून टाकला. त्या जागी पाच प्रश्नांचे पाच चौकोन आले.

आणखीही काही केलं, पण सगळंच जमलं असं नाही. बैठका संध्याकाळी साडेपाचला व्हायच्या, त्या सकाळी अकराला आणल्या. कारण सत्तरी-डिचोलीच्या बसचं घड्याळ डोळ्यांपुढे ठेवून बायका अर्ध्यातून उठायच्या आणि उरलेल्या अर्ध्यात निर्णय व्हायचे. ते सोपं होतं. अवघड होतं ते बिनमोलाच्या कामांचं. कोणाचा निरोपसमारंभ, चतुर्थीच्या आधीची वर्गणी, दसऱ्याच्या पूजेची फुलं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं. ही कामं कोणीतरी करावीच लागतात आणि त्याची बढती कधी कोणाला मिळत नाही. अमेरिकेतल्या चार संशोधक बायकांनी ह्यावर प्रयोग केले. मिश्र गटात ‘मी करते’ म्हणणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा जवळजवळ दीडपट. पण नुसत्या पुरुषांचा गट केला की तेच पुरुष मुकाट्याने तितकेच पुढे येतात. म्हणजे कोणाला येतं-जमतं हा प्रश्नच नाही, कोणाकडे सगळ्यांचे डोळे वळतात तो आहे. मी ठरवलं की ह्या कामांची आडनावांच्या अक्षरक्रमाने पाळी लावायची. नोटीस लिहून झाली आणि मग मला जाणवलं की ‘पाळी’ हा शब्द भर ऑफिसात, भिंतीवर, माझ्या सहीने लागणार आहे. ‘आळीपाळी’ लिहून बघितलं, ‘क्रम’ लिहून बघितलं. शेवटी म्हटलं लागू दे. अकाउंट्समधले एक गृहस्थ आठवडाभर त्या नोटिशीसमोरून मान खाली घालून जात होते. पण चतुर्थीला वर्गणी त्यांनीच गोळा केली, आणि ती आजवरची सर्वांत जास्त जमली, कारण ते मागायचे तेव्हा लोकांना वाटायचं काहीतरी महत्त्वाचं असणार.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून खाणी परत बंद. पुन्हा यादी करायची वेळ. ह्या खेपेला निकष आधीच कागदावर होते, काम आणि नोकरीची वर्षं, एवढंच. माणुसकीचा रकाना नव्हता. दहा माणसं गेली, त्यांत बायका तीन. गेलेल्यांत एक जण असा होता ज्याच्या घरात खरोखरच दुसरं कोणी कमावतं नव्हतं, आणि तो मला म्हणाला की २०१२ च्या रीतीने मी राहिलो असतो. बरोबर होतं त्याचं. मी काही बोलले नाही. रात्री झोप लागली नाही मला, आणि २०१२ साली नऊ जणी गेल्या त्या रात्री लागली होती, हे तेव्हा आठवलं.

लोक म्हणतात गोव्यात हे प्रश्नच नाहीत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात नवराबायकोची मिळकत अर्धी-अर्धी, मुलीला मुलाइतकाच वाटा. खरं आहे. माझ्या नावावर मयेतल्या भाटाचा, म्हणजे बागायतीचा, चौथा हिस्सा आहे, तीन भावांबरोबर. भाटात मी चौथी, आणि ऑफिसातल्या बैठकीत अकरावी. २०१७ साली बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली तेव्हा पात्रांवने कागद हातात धरून विचारलं, "सहा महिने? मग बायल मनीस कोण घेतलो?" म्हणजे बाईमाणसाला कामावर घेणार कोण. कायदा बायकांच्या बाजूचा, आणि पहिला परिणाम असा. त्याचं उत्तर कुठल्या फॉर्ममध्ये बसत नाही. तेवढं खरं की जो प्रश्न विचारायची छापील जागाच नाही तो विचारायला पात्रांवला घसा खाकरावा लागतो. आणि खाकरला की फोंड्याची मुलगी मान वर करून बघते.

मला सर्वांत जास्त लागला तो अभ्यास २०१२ चा. अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या १२७ विज्ञानाच्या प्राध्यापकांना एकच अर्ज पाठवला, प्रयोगशाळेतल्या जागेसाठी. अर्ध्यांना जॉनच्या नावाने, अर्ध्यांना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला, आणि त्याला सुचवलेला पगार वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर, तिचा साडेसव्वीस हजार. वाचताना मी मनात म्हणत होते, पुरुष दुसरं काय करणार. पुढच्या परिच्छेदात होतं की बाई प्राध्यापकांनीही जेनिफरला तसंच कमी लेखलं होतं. मोबाइल पालथा ठेवला मी. केरीच्या मुलीचा कागद तेव्हा अजून कपाटाच्या तळाशी कोरडा होता.

आता तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वाळून कडक झालाय, पापडासारखा. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि शोधणारही नाही. तिला काय सांगू, की तू ठाम होतीस?

गेल्या महिन्यात पुन्हा मुलाखती झाल्या. पाच प्रश्न, पाच चौकोन. मी नेहमीप्रमाणे माझे गुण भरत होते. चौथी उमेदवार साखळीची होती, प्रश्न संपायच्या आत उत्तर देत होती, आणि उत्तरं बरोबर होती. मी चौकोनांत आकडे लिहिले. नऊ, आठ, नऊ. संध्याकाळी फोंड्याच्या मुलीने सगळे कागद गोळा केले आणि बेरजा घालायला बसली. माझा कागद हातात घेऊन ती थांबली, आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. समासात, चौकोनांच्या बाहेर, बारीक अक्षरात मी एक शब्द लिहिला होता. पुढे काही नव्हतं, बहुधा तेवढ्यात पुढचा प्रश्न आला असेल. ‘पण’. निळी शाई, त्याच पेनाची. खोडायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे मॅडम, त्याला गुण नाहीत," आणि बेरीज पुढे चालू ठेवली.